परशराम आप्पा आणि निपाणीचं घड्याळ

माझ्या लग्नाच्या पत्रिकेची लेखी पोच देणारा माणूस सबंध बेळगावात एकच निघाला. पत्रिका हातात दिली त्याच्या चौथ्या दिवशी घरी पोस्टकार्ड आलं. ‘पत्रिका पोचली. तारीख व वेळ वाचली. येत आहे. परशराम.’ आमच्या बाबांनी ते कार्ड उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "हा माणूस तुझ्या ऑफिसात करतो काय गं?" मी म्हटलं, "पोच घेतो." अगदीच खोटं नव्हतं ते.

आमची रक्त तपासायची लॅब बेळगावच्या कॅम्प भागात. निपाणी, चिकोडी, खानापूर आणि कोगनोळीला आमची सेंटरं. मी रिपोर्टच्या टेबलावर होते आणि परशराम आप्पांकडं सगळे कॉम्प्युटर. सांबऱ्याचा माणूस. वीस वर्षं फौजेच्या सिग्नलमध्ये, म्हणजे निरोप धाडायच्या खात्यात, काढून आलेला. पेन्शन घेऊन शेतावर बसावं, तर ते करमेना म्हणून आमच्याकडं आले. सकाळी पावणेनऊला त्यांची जुनी स्कूटर फाटकातून आत यायची. खिशाला दोन पेनं, इस्त्रीचा शर्ट, आणि डब्यात बारा महिने भाकरी. पोळी दिली तर म्हणायचे, "पोळी आजारी माणसाला."

त्यांचं एक वेड होतं. काहीही सांगितलं की समोरच्यानं ते परत म्हणून दाखवायचं. फौजेतली सवय. बसू नावाचा चहावाला आला की चालू व्हायचं.

"तीन बिनसाखरेचे, एक साखरेचा. परत म्हण."

"तीन बिनसाखरेचे, एक साखरेचा, आप्पा."

"कधी?"

"आत्ता आणतो की!"

"हां. आता जा."

पहिले दोन महिने मला हे फार चमत्कारिक वाटायचं. मग एकदा मी फोनवर खानापूरला काहीतरी सांगितलं, त्यांनी भलतंच ऐकलं आणि चौदा बायकांना दुसऱ्यांदा टोचून घ्यायला यावं लागलं. त्या दिवसापासून मीही "परत म्हण" म्हणायला लागले. आमचे हे अजून चिडतात त्यावरून.

आता त्यांचं खरं काम सांगते. अवघड काही नाही. कॉम्प्युटर दिवसभर स्वतःशीच पुटपुटत असतो. कोण आलं, कोण गेलं, कुणी पासवर्ड चुकवला, कुणी कुठला आकडा बदलला. ते पुटपुटणं तो आपल्याच पोटात वेळेसकट लिहून ठेवतो. त्याला लॉग म्हणतात. आप्पा आले आणि त्यांनी पहिलं काम काय केलं, तर पाचही ठिकाणच्या कॉम्प्युटरना सांगून ठेवलं की बाबांनो, तुम्ही स्वतःपाशी लिहा, पण लिहिल्या लिहिल्या एक प्रत कॅम्पात पाठवा. आमच्या जिन्याखाली एक जुनं मशीन होतं. त्याला न पडदा, न कीबोर्ड. चारी सेंटरांचं पुटपुटणं त्यात येऊन पडायचं.

मी विचारलं, "आप्पा, ज्याचं त्याच्याकडं आहे ना? मग इथं दुसऱ्यांदा कशाला?"

"चोर घरात शिरला तर घरातली वही फाडंल, व्हय का न्हाय?"

"होय."

"शेजारच्या गल्लीत ठेवलेली कशी फाडंल?"

त्या मशीनमध्ये आलेली ओळ पुसायची सोय त्यांनी स्वतःलाही ठेवली नव्हती. यायचं तेवढं यायचं, जायचं काही नाही.

त्या ओळींना आठ पायऱ्या असतात. शून्य म्हणजे सर्वनाश, सात म्हणजे नुसती बडबड. हे आप्पांच्या इतकं अंगात मुरलं होतं की ते माणसांनाही नंबर लावायचे. मोठे डॉक्टर, म्हणजे आमचे मालक, सकाळी तावातावानं येऊन काहीतरी बोलून गेले की आप्पा मान खाली घालूनच म्हणायचे, "पाच." पाच म्हणजे लक्षात ठेवा, पण पळू नका. एकदा कपाटामागून साप निघाला. सगळे टेबलावर चढलो. आप्पा शांतपणे म्हणाले, "हा तीन. धामण हाय." माझा नंबर तर त्यांनी कायमचा ठरवून टाकला होता. सात! मी तोंड उघडलं की, "आला, सात नंबर आला." मला राग यायचा. पण एखाद्या दिवशी मी गप्प असले की जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन माझ्यासमोर येऊन बसायचे आणि काही न विचारता भाकरीचा तुकडा मोडून माझ्या डब्यात टाकायचे. माझी आई दवाखान्यात होती त्या महिन्यात मी किती भाकरी खाल्ली असेल त्याला हिशेब नाही.

गप्प बसणाऱ्याची त्यांना फार काळजी. प्रत्येक कॉम्प्युटरनं दर दहा मिनिटांनी ‘आहे’ एवढी एक ओळ पाठवायची, असा त्यांनी नेम घातला होता. हजेरी म्हणायचे तिला. एकदा दुपारी ते खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "निपाणी बोलंना."

मी म्हटलं, "लाइन तुटली असेल. हायवेला खोदकाम चाललंय की."

"लाइन तुटली असती तर कोगनोळीबी गप झाली असती. कोगनोळी निपाणीवरनंच येतीया, आन ती बोलाय लागलीया." एवढं म्हणून त्यांनी निपाणीच्या सेंटरला फोन लावला. कुणी उचलेना. मग शेजारच्या कापडदुकानदाराला लावला. त्याचाही नंबर त्यांनी वहीत लिहून ठेवला होता! "मागच्या खोलीत जाऊन बघा. परत म्हणा." दुकानदार गेला तर मागच्या खोलीत बॅटरी धुमसत होती, आणि पुढं सुनीता एका म्हाताऱ्या बाईची शीर शोधत बसली होती. तिला पत्ताच नाही. दुकानदारानं मेन स्विच पाडला, वाळू टाकली, निभावलं.

तिथून सुनीताची आणि आप्पांची गट्टी जमली. सुनीता कांबळे. घर निपाणीच्या बौद्ध वस्तीत, आईवडील दोघंही तंबाखूच्या वखारीत राबलेले. लॅबचा कोर्स करून पांढरा कोट घालणारी त्यांच्या घरातली पहिली. हात इतका हलका की पोरंसुद्धा तिच्यापाशी रडायची नाहीत. आप्पा महिन्यातून एकदा निपाणीला जायचे तेव्हा ती घरून आंबाडीची भाजी आणायची आणि आप्पा तिला बेळगावचा कुंदा न्यायचे. आम्हाला कधी आणला नाही हो!

आता घड्याळाचं सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. आमच्या भागात भिंतीवरचं घड्याळ खरी वेळ सांगायला लावतच नाहीत. ते दहा मिनिटं पुढं असतं, म्हणजे बस चुकत नाही. कुणाकडं दहा, कुणाकडं पंधरा. आमच्या घरी सतरा होतं, कारण आजोबांनी कधीतरी लावून ठेवलं होतं. पाहुण्यानं किती वाजले विचारलं की आम्ही घड्याळाकडं बघून मनातल्या मनात वजाबाकी करून सांगायचो.

आप्पांना हे अजिबात चालायचं नाही. पाचही ठिकाणचे कॉम्प्युटर कॅम्पातल्या घड्याळाशी बांधून टाकलेले, कुणाला एक मिनिट हलवता येऊ नये असे. म्हणायचे, "दोन ठिकाणची वेळ जुळंना झाली की खरं बोलणारा खोटा ठरतोय." लॅबची तपासणी करायला लोक यायचे त्यांनाही हेच लागायचं. दर महिन्याला आप्पा एका कागदावर सही करायचे, सर्व घड्याळे जुळलेली आहेत म्हणून.

आणि या माणसानं सुनीतासाठी तो नियम मोडला.

तिची ड्युटी दुपारी तीनला सुरू व्हायची. सकाळचं सगळं रक्त पेटीत भरून, बर्फ लावून, चारच्या बेळगाव बसला कंडक्टरच्या हातात द्यायचं काम तिच्याकडं. कामाच्या नादात दोनदा बस चुकली. रक्त वाया गेलं, माणसं पुन्हा टोचून घ्यायला आली, शिव्या सुनीतानं खाल्ल्या. तिनं आप्पांना म्हटलं, "आप्पा, भिंतीकडं बघायला फुरसत न्हाय मला. डोळं सगळं पडद्यावर. तेवढं पडद्यावरचं घड्याळ पंचवीस मिनिटं पुढं करून द्या की. घरात करतोय तसंच."

आप्पा पंधरा दिवस नाही म्हणत होते. सोळाव्या दिवशी कॅम्पातून निपाणीची गाठ सोडली आणि घड्याळ पुढं केलं. मला एवढंच म्हणाले, "लेकरू बससाठी पळतंय गं." त्यानंतर आठ महिने एकदाही बस चुकली नाही. आठ महिने आप्पांनी त्या कागदावर सहीही केली. मला माहीत होतं. मीही गप्प राहिले, कारण मलाही घरच्या घड्याळासारखंच वाटलं होतं ते.

मग तो रिपोर्ट झाला. निपाणीजवळच्या एका खेड्यातला म्हातारा, डेंगीचा ताप. प्लेटलेट अठरा हजार, दीड लाखाच्या वर हव्यात तिथं. ही तपासणी निपाणीतच व्हायची, आणि तिथल्या मशीननं बरोबर सांगितलं होतं. पण कुणीतरी तो आकडा हातानं बदलून एक लाख ऐंशी हजार केला. म्हातारा बोलत होता, चहा पीत होता, तेव्हा मशीनच चुकलं असेल असं त्या माणसाला वाटलं असावं. पुन्हा तपासायचं ते तपासलं नाही. म्हाताऱ्याला घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या नाकातोंडातून रक्त आलं, बेळगावला आणलं, आठ दिवसांनी कसाबसा वाचला. त्याचा मुलगा आमच्या दारात उभा राहून ओरडला, आणि त्याचं काय चुकलं?

चौकशी झाली. सेंटरात दोघंच काम करणारे. सकाळी इनचार्ज, तीनपासून सुनीता. लॉगिन दोघांचं एकच. आकडा बदलल्याची वेळ कॉम्प्युटर सांगत होता तीन वाजून दहा मिनिटं. म्हणजे सुनीता.

सुनीता म्हणाली, "पडद्यावरचं घड्याळ पुढं होतं. खरी वेळ पावणेतीन असणार. मी आलतेच न्हाय तवा." दाराच्या अंगठ्याच्या मशीनचं घड्याळ वेगळं आणि बरोबर, त्यावर तिची हजेरी दोन सत्तावन्नची होती. पण चौकशीला गेलेल्या माणसानं कॉम्प्युटरचं घड्याळ तपासलं तर ते अगदी बरोबर! घड्याळ हलवल्याची पानंही तिथल्या लॉगमधून पुसलेली. "मग पुढं होतं ते कुणी केलं होतं?" त्यानं विचारलं. यावर सुनीता काही बोलली नाही. दोनदा विचारलं, तीनदा विचारलं. खाली बघत बसली.

इनचार्ज मोठ्या डॉक्टरांच्या नात्यातला होता. बैठकीत कुणीतरी म्हणालं, "त्यांचं असंच असतंय, आणि वर खोटं बोलायचं." ‘त्यांचं’ म्हणजे कुणाचं, हे विचारायची माझी छाती झाली नाही, आणि घड्याळ कुणी पुढं केलं ते माहीत असून तेही बोलले नाही. ते मला अजून खातं. येत्या सोमवारी तिला काढून टाकायचं ठरलं, आणि या कारणानं काढल्यावर तिला दुसऱ्या कुठल्या लॅबनं दारात उभं केलं नसतं.

आप्पा त्या आठवड्यात पुतणीच्या लग्नात होते. शनिवारी आले तेव्हा मी सगळं सांगितलं. त्यांनी मग एकच विचारलं, "माझं नाव तिनं घेतलं न्हाय?"

"नाही."

"किती वेळा विचारलं?"

"तीनदा."

आप्पा खुर्चीत बसले. चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसत राहिले, पुसायचं काही नसताना. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं. मग उठून जिन्याखाली गेले आणि अर्ध्या तासानं मला हाक मारली. "ये गं. छापून दे."

त्या जुन्या मशीनमध्ये सगळं होतं. तिकडून येणाऱ्या प्रत्येक ओळीवर निपाणीची वेळ असायची, आणि ओळ पोचली की आमचं मशीन शेजारी स्वतःची वेळ टाकायचं. आठ महिने, हजारो ओळी, प्रत्येकीत तोच पंचवीस मिनिटांचा फरक. आकडा बदलल्याची ओळ: निपाणी तीन दहा, कॅम्प दोन पंचेचाळीस. आणि म्हातारा गंभीर झाल्याची बातमी आली त्या दिवशी चारच्या सुमाराची एक ओळ: निपाणीचं घड्याळ पंचवीस मिनिटं मागं घेतलं. तेव्हा सुनीता बसस्टँडवर होती. कंडक्टरची सही होती पेटीच्या चिठ्ठीवर.

पण सगळ्यात वर, आठ महिन्यांपूर्वीची एक ओळ होती. निपाणीच्या घड्याळाची गाठ सोडली. कुणी? परशराम.

मी म्हटलं, "आप्पा, ही पहिली ओळ सोडून देते. बाकीच्यांवरून भागतंय. कुणाला कळायचं नाही."

"एक ओळ सोडली की तो लॉग राहत न्हाय, सात नंबर."

"अहो, तुमच्या सह्या आहेत त्या कागदांवर! आठ! नोकरी जाईल."

"छाप म्हणतोय न्हवं."

मी छापलं. रडत छापलं, आता सांगायला काय हरकत आहे.

सोमवारी सकाळी बैठक झाली. सुनीता दाराशी खुर्चीच्या टोकावर बसली होती, पांढरा कोट घडी करून मांडीवर. परत करायला आणला होता. आप्पा उभे राहिले आणि वाचायला लागले, वरून. पहिली ओळ स्वतःची. "हे मी केलं. कुणाच्या हुकमानं न्हाय. त्यानंतर आठ कागदावर मी खोटी सही केली." सुनीता मध्येच उठली, "आप्पा, मी सांगितलतं तुम्हाला, माझ्यामुळंच..." आप्पांनी हात वर करून तिला बसवलं आणि वाचत गेले. इनचार्ज खिडकीबाहेर बघत होता.

वाचून झालं. मोठे डॉक्टर बराच वेळ कागद चाळत होते. वाईट माणूस नव्हता तो, अडचणीत आलेला होता. म्हणाले, "ठीक आहे आप्पा, समजलं. बघतो मी."

"तसं न्हाय साहेब," आप्पा म्हणाले. "आकडा बदलला तवा सुनीता कांबळे तिथं नव्हती. परत म्हणा."

डॉक्टरांना असं कुणी कधी म्हटलं नसेल. चेहरा लाल झाला त्यांचा. मग त्यांनी सुनीताकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "आकडा बदलला तेव्हा सुनीता कांबळे तिथं नव्हती."

"पोचलं," आप्पा म्हणाले आणि बसले.

त्या महिनाअखेरीला आप्पा गेले. काढलं असं कुणी म्हणालं नाही, आणि त्यांनीही राजीनाम्यात कारण लिहिलं नाही. निरोपाचा कार्यक्रम नको म्हणाले. जाताना मला त्यांनी जिन्याखालच्या मशीनची किल्ली दिली, सगळं एकदा समजावून सांगितलं आणि सवयीप्रमाणं माझ्याकडून परत म्हणवून घेतलं. मला धड म्हणता येईना. ते थांबले, पाणी दिलं आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं. काही झालं तरी पावणेनऊला फाटकाकडं माझी नजर जायची, वर्षभर तरी.

त्यानंतर मी त्यांना एकदाच बघितलं. दोन वर्षांनी. मी निपाणीला कामासाठी गेले होते. सेंटरात शिरले तर बाकावर आप्पा! एक बाही वर केलेली, कोपरात कापूस दाबून धरलेला. अंगानं बरेच उतरले होते. सांबऱ्याहून बेळगाव, बेळगावहून निपाणी, दोन बस बदलून हा माणूस साखर तपासायला आला होता.

"अहो, कॅम्पात यायचं की! अर्ध्या तासावर आहे तुम्हाला!"

"हिच्या हातानं दुखत न्हाय," ते म्हणाले. आत सुनीता हसत होती. आता तीच तिथली इनचार्ज होती.

परतीच्या बसचा ड्रायव्हर बाहेर हॉर्न वाजवत होता. सुनीतानं रिपोर्ट छापून आणून त्यांच्या हातात दिला, पिशवीत भाजीचा डबा ठेवला आणि दुसऱ्या पेशंटकडं वळली. आप्पांनी चष्मा लावला. कागद जवळ धरला, लांब धरला. नजर सगळ्यात खाली होती. तिथं छापलेलं असतं, तपासणारे व जबाबदार, आणि त्यापुढं नाव. ते तेवढंच वाचत होते. बोट फिरवून वाचत होते.

मी विचारलं, "आप्पा, साखर किती आलीय?"

"ते बघितलं न्हाय अजून," ते म्हणाले, आणि कागदाची घडी घालून बसकडं निघाले.